अण्णांचं आवकाय

लोणचं मुरायला महिना लागतो. किस्से मात्र कैऱ्या चिरल्या त्याच दिवशी मुरायला लागतात, आणि मग दर चहाला थोडे थोडे वाढले जातात. डिचोलीतल्या आमच्या ट्रक गॅरेजमध्ये सध्या तेच चाललंय. कोणी नुसतं "जेवलास?" विचारलं, तरी एकजण सुरू करतोच!

आमचे हेडमेकॅनिक रामण्णा, सगळ्यांचे अण्णा, राजमहेंद्रीकडचे. बावीस वर्षं झाली इथं येऊन. दर उन्हाळ्यात त्यांच्या गावाहून आवकायाची बरणी यायची. आवकाय म्हणजे त्यांच्याकडचं कैरीचं लोणचं. बाठीच्या कवचासकट मोठाल्या फोडी, मोहरीची पूड, लालभडक तिखट आणि वर तिळाचं तेल. अण्णा ते वर्षभर पुरवून खायचे. डब्यातली एक फोड आम्हा चौघांत!

यंदा आईचा फोन आला, "बाळा, या वर्षी लोणचं नाही रे."

अण्णांनी कारण विचारलं नाही. दोन दिवस डबा तसाच परत नेला. तिसऱ्या दिवशी इंजिनाखालून बाहेर आले आणि म्हणाले, "मीच करतो. गिअरबॉक्स खोलून जोडतो, लोणचं काय मोठं!"

*

पहिली अडचण तेलाची. मी गॅरेजचं स्टोअर सांभाळतो, त्यामुळे खरेदीला मला नेलं.

"तिळाचं तेल द्या. पाच लिटर."

आमच्याकडे तिळेल लागतं देवापुढच्या दिव्याला. दुकानदारानं छोटी बाटली पुढं केली होती, ती तशीच हातात राहिली.

"पाच लिटर? खंयच्या देवळाक?"

"खायला," अण्णा म्हणाले.

दुकानदार अण्णांकडे बघून हसला, मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बरे आसात मरे ते?"

*

अण्णा भाड्यानं राहतात शेवंतीकाकींच्या घरी. काकींचं मिस्कूट, म्हणजे मसाला भरलेल्या अख्ख्या कैऱ्यांचं लोणचं, आमच्या वाड्यावर प्रसिद्ध. परसातल्या झाडाच्या कैऱ्या त्यांनी दिल्या, स्वयंपाकघरही दिलं. पण दारातून हलायला तयार नाहीत!

मापं अण्णांनी आईकडून फोनवर घेतली होती. एक वाटी मोहरीची पूड, एक वाटी तिखट. परत एक वाटी मोहरी, एक वाटी तिखट. सातव्या वाटीला काकींना राहवलं नाही.

"अण्णा, खरें सांग. कोणावर राग आसा तुजो?"

*

बाठ काही चिरेना. काकींच्या विळीचं पातंच वाकलं! त्यांनी पातं उचलून अण्णांसमोर धरलं.

तेव्हा पुढं आला बाबलो. आमचा वेल्डर, पार्से गावचा. गॅरेजमध्ये ट्रकच्या स्प्रिंगचा एक तुटका पाटा पडला होता. तासाभरात त्याला धार लावली, फळीला बिजागरी मारली, चांगली हातभर मूठ बसवली.

"दहा चाकी ट्रक पेललाय ह्यानं. कैरी म्हणजे कितें!"

पहिला घाव इतका जोरात, की अर्धी कैरी फळीवर राहिली आणि अर्धी खिडकीतून थेट रस्त्यावर! रस्त्यावरून कोणाचा तरी शांत आवाज आला,

"अर्धीच कित्याक? आख्खी दी मरे!"

*

लोणच्याला पाण्याचा थेंबही चालत नाही. प्रत्येक फोड फडक्यानं पुसायची. आम्ही तिघे खाली बसून पुसतोय, तेवढ्यात आमचे शेठ आले. रविवार होता, पण वाळपईला एक ट्रक बंद पडला होता आणि आमच्यापैकी कोणी फोन उचलत नव्हतं.

शेठ तापलेले. बाटलीचं झाकण उघडत आत आले, तोच अण्णा ओरडले, "शेठ! पाणी बाहेर!"

बावीस वर्षांत शेठना कोणी आवाज चढवून बोललं नव्हतं. मला वाटलं, सोमवारपासून नवा मेकॅनिक!

शेठ मागे फिरले. अंगणात पाणी प्याले, शर्टाला दोनदा हात पुसले आणि दारातून विचारलं, "आता येऊ?"

दहा मिनिटांनी वाळपईच्या ड्रायव्हरचा फोन आला. शेठ फडकं हातात घेऊन म्हणाले, "मेकॅनिक वाटेत आसा रे!" आणि पुढची फोड उचलली.

*

तिसऱ्या दिवशी लोणचं परत कालवून बरणीत भरलं. अण्णांच्या घरची पद्धत अशी, की रिकाम्या झालेल्या परातीत गरम भात आणि तूप कालवायचं आणि एकेक गोळा सगळ्यांच्या हातावर द्यायचा.

बाबलोनं खाल्ला. कान लाल, डोळ्यांतून धारा. तरी हात पुन्हा पुढं!

काकी म्हणाल्या, "माका नाका. आमका मिस्कूट पुरो."

आम्ही अंगणात हात धुवून आलो, तर परात चाटूनपुसून लख्ख!

"मांजर आयलें आसतलें," काकी पदराला बोटं पुसत म्हणाल्या. पदर तेलानं लाल.

"काकी, मांजर तिखट खातं?"

"आमचें खाता!"

*

जूनमध्ये अण्णा रजा घेऊन, मांडीवर बरणी धरून गावी गेले. वडील आदल्या दिवाळीत वारल्यापासून आई तिथं एकटीच होती. आठवड्यानं परत आले तेव्हा चहाला आम्ही सगळे त्यांच्याभोवती. शेठसुद्धा!

"आईला वाढलं," अण्णा सांगू लागले. "गरम भात, तूप आणि एक फोड. पहिला घास घेतला आणि तिनं चावायचंच थांबवलं. मी विचारलं, अम्मा, तिखट झालं? तिनं मान हलवली. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग रडता रडता हसायलाच लागली. म्हणाली, अगदी तुझ्या बाबांच्या हातचं झालंय!"

बाबलोचा ग्लास तोंडाशीच थांबला. "बाबांच्या? लोणचें तुजी आवय करताली मरे?"

अण्णांनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

"मी गाव सोडेपर्यंत तीच करायची. पुढची बावीस वर्षं मीसुद्धा तेच समजत होतो!"