खोकलेकाकांना गुण आला

पियानोचे सूर लावणारे काका तीस वर्षं साहेबांच्या प्रत्येक मैफिलीला पहिल्या रांगेत बसले आणि प्रत्येक मैफिलीत खोकले. साहेब म्हणजे बडे पियानोवादक. भर मैफिलीत ध्वनिमुद्रित केलेल्या त्यांच्या नऊ रेकॉर्डी निघाल्या आणि नऊच्या नऊ रेकॉर्डींत काकांचा खोकला ऐकू यायचा. जाणकारांनी ‘खोकलेकाका’ असं नाव ठेवून काकांना पार धुऊन काढलं. खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. संथ भाग आला की साहेब तंद्रीत अडलेल्या म्हशीसारखे कण्हायचे, आणि ते झाकायला काका बरोब्बर तेव्हाच खोकायचे. त्याचे उपकार मानणं तर सोडाच, साहेबांनी एकदा भर स्टेजवरून त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली भेट दिली. लोक पोट धरून हसले.

यंदा रेकॉर्ड कंपनीने मशीन लावून त्या रेकॉर्डींतला सगळा खोकला पुसून टाकला आणि त्या नव्याने विकायला काढल्या. चार दिवसांत साहेबांचा रडवेला फोन आला.

“अहो, सगळीकडे माझंच कण्हणं ऐकू येतंय! एकदा स्टुडिओत येऊन खोकून जा ना.”

“जमायचं नाही, साहेब,” काका म्हणाले. “तुमच्या बाटलीने गुण आला.”