आईच्या खाटेजवळचं बटण

पक्षाघातानं आईची वाचा आणि उजवी बाजू गेली, तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. मेहकरच्या घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबांना कमी ऐकू येतं. म्हणून मी आईच्या डाव्या हाताशी एक बटण बसवलं. ते दाबलं की पुढच्या खोलीत बाबांच्या खुर्चीसमोर लाल दिवा लागायचा. त्यासाठी वेगळी तार नव्हती. सिग्नल घरातल्या लाइटच्या वायरिंगमधूनच जायचा. भिंत न फोडता काम झालं, याचं मला कौतुक होतं.

महिनाभरात बाबा फोनवर म्हणाले, "दिवा कधी लागते, कधी नाई लागत."

"मेन स्विच बंद करून परत चालू करा," मी सांगितलं. पुढेही दर वेळी तेच सांगत राहिलो.

दिवाळीत गेलो तेव्हा एका दुपारी शोधायला बसलो. मी बटण दाबायचो, बाबा पुढून हात हलवून 'नाही' म्हणायचे. फ्रिज बंद केला, टीव्ही काढला, इन्व्हर्टरही. फरक नाही. शेवटी आईच्या उशाजवळचा मोबाइलचा चार्जर उपसला आणि दिवा लागला. चार्जर पुन्हा लावला, दिवा लागेना. त्या हलक्या प्रतीच्या चार्जरमुळे वायरिंगमधला सिग्नल पुढच्या खोलीपर्यंत पोचतच नव्हता.

तो चार्जर मीच आणून दिला होता, आईला रोज व्हिडिओ कॉलवर पाहता यावं म्हणून. माझं बोलणं झालं की बाबा मोबाइल तिथंच चार्जिंगला लावून पुढे जाऊन बसत.

"तिनं दाबलं अन् तुमाले कयलंच नाई, असं किती वेळा झालं?" मी विचारलं.

बाबा खाली बघत म्हणाले, "एक डाव सारं अंथरून ओलं झालं होतं. मी गेलो तं रडून राह्यली होती. तवापासून ती दाबतच नाई."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू फोनवर तिच्याशी हासून बोले. मंग काय सांगू तुले?"

मी दुसरा चार्जर आणला, तो स्वयंपाकघरात लावला. मग आईचं बोट धरून बटणावर ठेवलं. दिवा लागला, बाबा लगबगीनं आत आले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हात हळूच मागे घेऊन छातीवर ठेवला. नंतर मी दोनदा सांगून पाहिलं. तिनं मान वळवली.

बाबांनी त्याच दिवशी आपली खाट तिच्या खोलीत ओढून आणली. माघात ती गेली तेव्हा ते शेजारीच बसले होते. मला पोचायला संध्याकाळ झाली.