कापसातली साखर

रक्तातली साखर तपासायला बोट टोचलं, की नर्स वर कापसाचा बोळा दाबते आणि मला धामणगावचा आमचा नववीचा वर्ग आठवून हसू येतं.

त्या साली कापसाला भाव नव्हता. घरोघरी तो आढ्यापर्यंत रचलेला; आम्ही झोपायचोही त्यावरच. अशात विज्ञानाच्या सरांनी सांगितलं, "कापूस म्हणजे ग्लुकोजच, एकाला एक जोडलेलं." दुपारच्या सुट्टीनंतर प्रत्येकीच्या तोंडात घरून आणलेला कापूस होता. चावून चावून जबडे दुखले, पण गोड काही लागेना.

"सर, तुमी खोटं बोलून राहिले," रुखसाना भरल्या तोंडानं म्हणाली.

सर हसले. "आपल्या पोटाले ते जोड तोडता येत नाई, पोरी. बकरीच्या पोटातले जंतू तोडतात."

दुसऱ्या दिवशी रुखसानानं घरची बकरी थेट वर्गात आणली. बकरीनं सरांच्या हातातला कापूस फस्त केला आणि आणखी मागायला मान वर केली.

"इले पास करा, सर!" रुखसाना ओरडली.

तेव्हा आम्ही नुसत्या खिदळलो. आता वाटतं, ओला आहे, पिवळा आहे म्हणून नाक न मुरडणारं, त्या साली आमच्या कापसाला मिळालेलं ते एकच गिऱ्हाईक.