वाटोबा आणि केशरकाकूंचा बोर्ड

माझ्या सासूबाई रतनबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्यांच्या पोटात गेले आठ महिने दुखत होतं. ते दुखणं डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं. त्यांची धाकटी चुलत जाऊ केशरबाई, हेच ते दुखणं.

केशरकाकूंचं शेत रस्त्याच्या पलीकडे, आमचं अलीकडे. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीजवळ एक लांबट दगड आडवा पडलेला असायचा. काकूंनी त्यावर तीस वर्षं गोधड्या आपटल्या, पायाच्या टाचा घासल्या. मागच्या माघात नगरहून जुन्या दगडांचा अभ्यास करणारे एक सर आले. त्यांनी चार गडी लावून तो दगड उलथा केला, तर खाली कोरीव काम. ढालतलवार घेऊन लढणारा गडी, आणि वरच्या बाजूला तोच गडी महादेवापुढे हात जोडून बसलेला. सर म्हणाले, ही वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या माणसाची आठवण. महिनाभरात डांबरी रस्त्याच्या कडेला निळा बोर्ड लागला. त्यावर वीरगळीची माहिती आणि खाली केशरकाकूंचं नाव.

आत्याबाईंना वाचता येत नाही. मला तीन वेळा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा नाव आलं तसं त्या म्हणाल्या, "धुनं बडवायच्या दगडाला बोर्ड! अन् माझा वाटोबा काय मेलाय का?"

वाटोबा म्हणजे आमच्या बांधाला, रस्त्याच्या कडेला असलेला त्यांचा देव. आत्याबाईंनी ऊसतोडीचे बावीस हंगाम काढले. पहिल्या तिन्ही वेळा मूल हाती लागलं नाही. चौथ्यांदा दिवस गेले असताना टोळीबरोबर निघाल्या, तेव्हा त्यांनी या दगडाला नवस बोलला आणि कारखान्यावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, माझे यजमान कल्याण जन्मले, ते धडधाकट. तेव्हापासून दर शनिवारी तेल आणि शेंदूर. ताप असो, पाहुणे असोत, शनिवार चुकला नाही. शेंदराचं कवच चांगलं चार बोटं जाड झालं होतं. नवसाची गोष्ट पसरली, आणि दसऱ्यानंतर निघणाऱ्या टोळ्यांचे ट्रॅक्टर इथं थांबून नारळ फोडू लागले.

एवढी सेवा करून बोर्ड मात्र रस्त्यापलीकडं. खोटं कशाला बोलू, माझाही जळफळाट झाला. केशरकाकू मुद्दाम बोर्डाखाली उभ्या राहून एसटीची वाट बघायच्या. आत्याबाईंनी त्या बाजूला बघणंच सोडलं. दळणाला जाताना पदर डोळ्यावर ओढून जायच्या.

शेवटी त्यांनी मला सरांना फोन लावायला लावला. सर आले, वाटोबाभोवती फिरले आणि म्हणाले, "कवच असताना काहीच सांगता येणार नाही. पण तुमची श्रद्धा आहे, तुम्ही ते काढू नका."

यातलं दुसरं वाक्य आत्याबाईंनी ऐकलंच नाही. दसऱ्याला चार दिवस उरले होते. दुपारी माळ्यावरचा ऊसतोडीचा कोयता त्यांनी उतरवला, देवापुढं नाक घासलं आणि म्हणाल्या, "देवा, राग धरू नको. तुज्याच नावासाठी करतीय." मग खरवडायला लागल्या. शेंदराचे पापुद्रे टरफलासारखे निघत होते. मी हात धरायला हवा होता. नाही धरला. मलाही आतली तलवार बघायची होती.

तलवार नव्हती. अक्षरं होती. आत्याबाईंचा चेहरा उजळला. "वाच की गं, सविता!"

मी वाचलं. "नगर. चोवीस."

"म्हंजी?"

म्हणजे मैलाचा दगड, जुन्या साहेबी अमलातला. इथून नगर चोवीस मैल, एवढंच तो सांगत होता. मला ते सांगताना जीभ रेटेना, पण सांगितलं. आत्याबाई कोयता मांडीवर घेऊन तिथंच बसल्या. रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "आता ट्रॅक्टर थांबायचे न्हाईत."

गावात गोष्ट लपते होय! संध्याकाळच्या आत केशरकाकू रस्ता ओलांडून आल्या. मी मनात म्हटलं, आली मीठ चोळायला. त्या दगडाकडं बघत राहिल्या आणि आत्याबाईंशेजारी टेकल्या.

"आक्का, बोर्ड लागल्यापासनं मी रोज बघती, कुनी थांबतंय का. येक गाडी थांबली न्हाई. पोरं येत्यात, फोटू काढत्यात, जात्यात. तुमच्याकडं माणसं डोकं टेकवत्यात. लई जळायचे मी."

आत्याबाईंनी मान वर केली. "व्हय? कवापासनं?"

"कल्याणच्या बारशापासनं."

"अजून बी?"

"अजून बी."

आत्याबाई लगेच उठल्या. मला म्हणाल्या, "काकूला च्या टाक." पुढच्या शनिवारची वाटही पाहिली नाही, त्याच दिवशी तेल-शेंदूर घेऊन बसल्या. एका हाताचा शेंदूर तो कितीसा? पातळ थराखालून 'नगर २४' स्वच्छ वाचता येत होतं.

दसरा झाला. गोरक्ष मुकादमाची टोळी सकाळी निघाली. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, पत्रे, बायका, पोरं. दगडाची हकीकत सगळ्या टोळीला ठाऊक होती. आत्याबाई वाटोबाजवळ उभ्या, मुठी आवळून. ट्रॅक्टर जवळ आला, आणि पुढंच निघाला. आत्याबाईंनी डोळे मिटले. दहा-बारा पावलांवर ब्रेक लागला. गोरक्ष नारळ घेऊन उतरला आणि म्हणाला, "मावशे, मैलाचा असंल न्हाईतर कशाचा. आमी हितनं जाऊन दर साली जित्ती माघारी आलोय."

नारळ फुटला. ट्रॉलीतल्या बायकांनी हात जोडले, मीही जोडले. आत्याबाई तेवढ्या देवाकडे पाठ करून उभ्या होत्या. रस्त्यापलीकडं निळ्या बोर्डाखाली केशरकाकू नीट बघतायत ना, ते बघत.