पुंडलिकनगरातला शेतकरी

"तिथंच थांब. फाटकाला हात लावू नको."

मॅडमनी गॅलरीतूनच सांगितलं. मी उन्हात उभी. डोक्यावर कणसांचं पोतं. कोरोनातली एसटी नुकतीच सुरू झालेली. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, सरांचा फोन आला, म्हणून मी सिल्लोडकडून पोतं घेऊन शहरात, पुंडलिकनगरात त्यांच्या घरी आले होते. सर सरकारी नोकरीत, मॅडम त्यांची बायको. आमच्या गावातलं शेत त्यांच्या नावावर. ते आम्ही बटईनं करायचो. राबायचं आम्ही, निम्मा माल त्यांचा.

मॅडम सॅनिटायझरची बाटली घेऊन खाली आल्या. आधी पोत्यावर फवारलं, मग माझ्या हातावर, मग थेट तोंडावर. डोळे झोंबले. पदरानं पुसले. रोगाची भीती मला पण होती.

तेवढ्यात सरांचा चुलतभाऊ मोटारसायकलवर आला. आमच्याच गावचा. चपला काढून सरळ आत गेला. त्याला चहा. मला वरून ओतलेलं पाणी, ओंजळीत.

"कोरोना आहे ना गं," मॅडम म्हणाल्या.

माझ्या आजीला पण असंच पाणी मिळायचं. तेव्हा कोरोना नव्हता.

आतून सरांचा आवाज आला. "शेतकऱ्यांची ती कोरोनाची मदत पडली बरं का खात्यावर. तुझी?"

"पडली की." दोघं हसले.

मी फाटकाबाहेरून ऐकलं. मागल्याच आठवड्यात सरांनी आबांना सांगितलं होतं, "सरकारनं कुणालाच काही दिलं नाही. बियाण्याचं तुमचं तुम्ही बघा." आबांनी आईच्या कानातलं मोडून बियाणं आणलं होतं.

तवापासून मला कुणाचंच खरं वाटंना. तलाठ्याचं हसणं, सरपंचाचं "बघू", सगळंच. सिल्लोडच्या एका सेवा केंद्रात विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "नोकरदाराला ही मदत नसते." आणि लगेच दुसरीकडं बघायला लागला. त्याला पण काही माहीत असावं.

सभांवरची बंदी उठली, ग्रामसभा भरली. बाया मागं, आमच्या वस्तीतल्या बाया त्याहून मागं. मी उठले.

"भाऊसाहेब, कोरोनाची मदत गावात कुणाकुणाला आली? नावं वाचा."

तलाठ्यानं मोबाईलमधून मान वर काढली नाय. "असं सांगता येत नाही. खाजगी बाब असते."

"पैसा सरकारी. मग खाजगी कसा?"

सरांचा चुलतभाऊ उठला. "तुझ्या नावावर एक वाफा तरी हाय का? तुला काय करायचं?" मग लोकांकडं बघून, "सगळं फुकट मिळतंय, तरी यांचं पोट भरत नाय."

सभा हसली. आबांनी गड्यांतून उठून येऊन माझा पदर ओढला. बस म्हणून.

आजवर मी बसत आले होते. त्या दिवशी पदर सोडवून घेतला.

"शेत कोण करतं ते गावाला माहीत हाय. पैसे कुणाला आले तेवढंच माहीत नाय. वाचा."

सरपंच म्हणाला, सभा संपली. नावं वाचली नाहीत.

पेरणीच्या तोंडावर सरांचा फोन आला. शेत दुसऱ्याला दिलं. "पोरीनं घरी येऊन माफी मागितली तर बघू."

आबा म्हणाले, "पाया पड पोरी. तेवढंच शेत हाय आपल्याला."

"मी रोजानं जाईन आबा. पाया नाय पडणार."

आबा लई दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता मी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं, दुसऱ्याची वैयक्तिक माहिती देता येत नाय. मी अपील केलं. तारीख मिळाली, अपील ऐकणारे साहेब आले नाहीत. पुन्हा तारीख. दमवायचा बेत असंल. कळतं मला.

आमच्या सभेत हजेरीची सही आधी घेतात, ठराव मागून त्यांच्या मनाचा लिहितात, आमच्या सह्यांवर. हे पण आता माझ्या ध्यानात आलंय. येत्या सभेला मी सही करणार नाय. वस्तीतल्या बायांना सांगितलंय, कुणीच करायची नाय. पुढं, गड्यांच्या सतरंजीवर बसायचं. उठवायला जो येईल, त्याला आधी विचारायचं: तुझ्या खात्यावर किती पडले?