जानी कोंबडी आणि डहाणूचा वाघ

तलासरी नाक्यावर मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान आहे. त्यात काउंटरच्या मागे नवशी बसते. जवळच्या उधव्याची पोर, बारावीपर्यंत शिकलेली. शाळेत चित्रकलेच्या तासाला कुणी तिची पाठ थोपटल्याचं तिला आठवत नाही. गिऱ्हाइकाशी ती कामापुरतं बोलते, त्यामुळे पुष्कळांना ती गरीब गाय वाटते. डहाणूच्या उमेशलाही तशीच वाटली आणि तिथेच त्याचं चुकलं.

नवशीची चित्रं सुरू झाली ती टच तपासताना. फोनची काच बदलली की टच चारी कोपऱ्यांत चालतो का, ते बघावं लागतं. त्यासाठी स्क्रीनभर बोटाने रेघोट्या मारायच्या. मालक आडव्या-उभ्या रेघा मारून मोकळा व्हायचा. नवशीला त्याचा कंटाळा आला म्हणून ती कोंबडी काढायला लागली. तुरा वरच्या कोपऱ्यात, शेपूट पलीकडे, पाय तळाशी. अख्खी कोंबडी उमटली म्हणजे फोन ठीक. गिऱ्हाईक घरी जाऊन बघतं तर फोटोंमध्ये कोंबडी बसलेली, आणि तिच्या चोचीपाशी लिहिलेलं, 'आता तरी नीट धर रे बाबा.' लोक हसत परत यायला लागले. फोन चांगला असला तरी यायचे. म्हणायचे, ताई, कोंबडी अजून काय म्हणते?

कोंबडीचं नाव पडलं जानी. मग चार चौकटींची गोष्ट झाली, मग 'जानी कोंबडीचं अंगण' नावाचं पेज झालं. बघता बघता वाणगावच्या मिरचीवाल्या बायका, डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यातल्या पोरी, हायवेवरचे ड्रायव्हर, पार उंबरगावपर्यंतची माणसं अंगणात येऊन बसली. लिहायचा कंटाळा सगळ्यांनाच, म्हणून लोक आपली हकिकत बोलून पाठवायचे. एसटी न थांबवता पुढे गेली, सासूने चप्पल लपवली, साहेबाने चौथ्यांदा उद्या या सांगितलं. नवशी ते ऐकायची, चित्र काढायची, आणि टाकण्याआधी त्या माणसाला दाखवून विचारायची, असंच झालं ना?

अंगणाचा एकच नियम होता. इथे माणसाचं तोंड काढायचं नाही. प्रत्येकाने आपलं जनावर आपण निवडायचं आणि मग कायम तेच राहायचं. कुणी बकरी झालं, कुणी खेकडा, कुणी चिकूच्या झाडावरचं वटवाघूळ. अंगणातल्या लोकांना एकमेकांची जनावरं पाठ होती. बाजारात भेटले की 'काय खेकडेभाऊ' म्हणून हाक मारायचे. नवशीला या गोष्टीचा फार अभिमान होता. तसं ती कधी बोलून दाखवायची नाही, पण होता.

उमेशचं डहाणूत फ्लेक्स छापायचं दुकान. गोडबोल्या माणूस. फोन दुरुस्त करायला आला आणि कोंबडी बघून पागल झाला. "ताई, ये तो ब्रँड आहे! तू फक्त चित्रं काढ, बाकीचं माझ्यावर सोड." पेज उघडून सगळी मांडणी त्यानेच केली, आणि केली ती स्वतःच्या नंबरवर. नवशीने त्यावर विचारही केला नाही. तिला चित्र काढायला मिळत होतं, तेवढं तिला पुरे होतं.

जनावर निवडायची वेळ आली तेव्हा उमेश म्हणाला, "मी वाघ."

"वाघ कुणी घेत नाही," नवशी म्हणाली. "आमचा देव आहे तो."

"मग तर मस्तच! टॉपचा आयटम." त्याने तिथल्या तिथे आपला काळा गॉगल लावलेला फोटो, शेजारी वाघाचं चित्र, खाली 'अंगणाचा वाघ' असं लिहून पेजवर टाकून दिलं. आपणच आपली ओळख अशी जाहीर केली मेल्याने. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग एका सकाळी नवशी कामावर आली तर नाक्यावर हे मोठ्ठं फ्लेक्स. त्यावर जानी. तीच, तिचीच कोंबडी. पण दात दाखवत हसणारी. कोंबडीला दात! आणि चोचीपाशी लिहिलेलं, 'जानी म्हणते, पडीक जागा फार्महाउसला भाड्याने द्या, निवांत बसून खा.' खाली उमेशचा नंबर. नवशीने पेज उघडायला घेतलं तर उघडेना. उमेशने कुलूप बदललं होतं.

तिने फोन लावला. तो हसत होता. "अगं, पेज माझ्या नंबरवर आहे. आणि कोंबडी काय, कुणीपण काढतं. अ‍ॅपला सांगितलं की अ‍ॅप काढून देतं. तू टेन्शन नको घेऊ, तुला एक टी-शर्ट पाठवतो."

टी-शर्ट! नवशीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून तिने फोन ठेवला.

पण खरा घाव बसला तो घरी. पाड्यावरचे हाल्याकाका ओट्यावर बसले होते. त्यांची डोंगराकडेची नाचणीची जागा होती. तिला लागून नवशीच्या घरची आणि आणखी चौघांची. काका खुशीत म्हणाले, "मी हो म्हणून सांगितलं गं त्या फार्महाउसवाल्यांना. पंचवीस वर्षांसाठी देतो. कागद घेऊन येणार आहेत."

"कुणी सांगितलं तुम्हाला द्यायला?"

"तुझ्याच कोंबडीने की. ती कधी खोटं बोलली नाही."

नवशीला त्या रात्री जेवण गेलं नाही. कोंबडी चोरली, पेज चोरलं, तेही एक वेळ तिने गिळलं असतं. पण या माणसाने तिच्या तोंडून हाल्याकाकांना फसवलं होतं. अंगणातले लोकही आता तिला विचारत होते, किती मिळाले गं तुला? कुणी सरळ शिव्या घालत होतं. तिने मनातल्या मनात उमेशचं दुकान जाळलं, त्याची गाडी नाल्यात ढकलली, त्याला चिंचेला उलटा टांगला. सकाळी उठून ठरवलं की यातलं काहीच नको. त्याला चौकटीत घ्यायचा. असा घ्यायचा की डहाणू स्टेशनपासून उधव्यापर्यंत त्याला तोंड दाखवायला जागा राहता कामा नये.

तिने नवं पेज काढलं आणि वाघ काढायला बसली. ढेरपोट्या, घाबरट, दुसऱ्याच्या अंगणात दाणे चोरणारा वाघ. झकास उतरला होता. पण टाकण्याआधी दाखवायची सवय, म्हणून तिने तो सुक्याबाबांना दाखवला. सुक्याबाबा म्हणजे गावचे भगत, देवाधर्माचं सगळं तेच बघतात. त्यांनी फोन लांब धरून पाहिला आणि परत दिला.

"हे टाकायचं नाही. आपण त्याच्यापुढे नारळ ठेवतो आणि तू त्याला दाणे चोरायला लावतेस?"

झालं! उमेशने हौसेने, काही कळत नसताना वाघ मागितला, आणि तोच वाघ त्याला वाचवायला आडवा येऊन उभा राहिला. नियम नवशीचाच, ज्याचं जनावर त्याचंच. तिला दुसरं काही काढता येईना आणि वाघ टाकता येईना. चार दिवस ती गिऱ्हाइकांवर उगाच खेकसत होती.

पाचव्या दिवशी ती पुन्हा सुक्याबाबांकडे गेली. "बाबा, दिवाळीत वाघबारशीला पोरं वाघ होतात, त्यांना आपण शिवाराबाहेर पळवतो. मग तेव्हा देवाचा अपमान होत नाही?"

"तो वाघ कुठे असतो? ते सोंग. देव तिथे दगडात बसलेला असतो. सोंग हाकलायचंच असतं. नाही हाकललं तर ते घरात शिरतं."

नवशी तिथून उठली ती जवळजवळ पळतच घरी आली. आता तिने वाघ काढलाच नाही. तिने अंगावर काजळीचे पट्टे ओढलेला माणूस काढला. पाठीला सुतळीची शेपटी, डोळ्यांवर काळा गॉगल. घाम आला की पट्टे ओघळायचे. सुक्याबाबांनी पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या मिशा हलल्या. "हा चालेल," ते म्हणाले.

मग काय विचारता! सोंगाड्या वाघाच्या मागे पहिल्या गोष्टीत गांधीलमाशी लागली, दुसरीत वाणगावची मिरचीवाली, तिसरीत तर न थांबणारी एसटी त्याच्यासाठी मुद्दाम थांबली, त्याला अंगावर घ्यायला. लोक जुनं अंगण सोडून धडाधड इकडे आले. पुढच्या वेळी त्याच्या मागे काय लावायचं, ते बोलून पाठवायला लागले. खेकडेभाऊंनी तर 'मला एकदा त्याला चावू दे' म्हणून हट्टच धरला, आणि नवशीने तो पुरवला. डहाणूच्या बाजारात उमेश दिसला की टपरीवरची पोरं हळूच गुरगुरायची.

उमेशचा फोन आला. यावेळी हसत नव्हता. "बदनामी करतेस माझी? केस टाकीन."

"तुझं नाव कुठे आहे त्यात?" नवशी म्हणाली. "आणि वाघ तूच मागितलास." तिने फोन ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

पण कागदाचं संकट तसंच होतं. ती कोंबडी आपली नव्हे हे नवशीने सांगून पाहिलं, पण हाल्याकाका शब्दाचे पक्के. एकदा हो म्हटलं की मागे फिरणार नाहीत. ते नवशीलाच विचारायला आले, त्या लोकांना कधी बोलावू?

नवशीने क्षणभर विचार केला. "वाघबारशीला बोलवा काका. संध्याकाळी. सगळं गाव एकत्र असतं."

उमेश डहाणूच्या बाजारपेठेत वाढलेला. त्याला दिवाळी म्हणजे फटाके आणि ऑर्डरी. बारशीला उधव्यात काय चालतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार? तो फार्महाउसवाल्या कंपनीच्या साहेबाला गाडीत घालून, टी-शर्टांचं खोकं घेऊन, नटूनथटून आला. भर खेळात आला. काजळीचे पट्टे ओढलेली पोरं एकेक करून पुढे यायची, सुक्याबाबा विचारायचे, "येशी का आमचे शिवारात?" पोरगं ओरडायचं, "नाय, नाय!" आणि सगळे काठ्या आपटत त्याला वेशीच्या नाल्यापर्यंत पळवायचे.

शेवटचं पोर परत आलं तेव्हा नवशी म्हणाली, "बाबा, अजून एक वाघ राहिला."

सगळ्या माना गाडीकडे वळल्या. काळा गॉगल तर सगळ्यांच्या ओळखीचा होताच. सुक्याबाबा काठी टेकत उमेशसमोर जाऊन उभे राहिले. चेहऱ्यावर हसू नाही की काही नाही.

"येशी का आमचे शिवारात?"

उमेशला वाटलं, म्हातारा आमंत्रण देतोय. त्याने दोन्ही हात जोडले, तोंडभर हसला. "येणार की, बाबा! दर आठवड्याला येणार. आता तुमच्या शिवारातच राहणार!"

या प्रश्नाला असं उत्तर उधव्यात आजवर कुणी दिलं नव्हतं. आणि मग जो गलका उठला म्हणता! काठ्या जमिनीवर, डबे थाळ्यांवर, पोरं पुढे, बायका मागे. कुणी त्याला बोट लावलं नाही, पण थांबू म्हणून दिलं नाही. साहेबाने गाडी वळवली आणि उमेश चढायच्या आत पिटाळली. उमेश कापलेल्या भाताच्या खाचरांतून पळत सुटला. एक चप्पल चिखलात गेली, गॉगल कुठे गेला कुणास ठाऊक. नाल्यात तो उताणा पडला आणि फोन दगडावर आपटला. वर काठावर सुक्याबाबा येऊन उभे राहिले आणि त्यांनी शांतपणे तोच प्रश्न पुन्हा विचारला. उमेश कसाबसा उठला. तो काठाकडे नुसता बघत राहिला आणि मग तलासरीच्या दिशेने लंगडत निघून गेला.

हाल्याकाका मागून धापा टाकत आले होते. "दुसऱ्यांदा विचारूनही 'नाय' म्हणाला नाही तो," ते म्हणाले. "अशा माणसाला कुठे जागा द्यायची?" आणि त्यांनी आपला शब्द तिथेच मागे घेतला.

दोन दिवसांनी उमेश तलासरीच्या दुकानात आला. टी-शर्ट वगैरे काही नाही. फुटलेला फोन काउंटरवर ठेवला. नवशीने तो उलटसुलट करून पाहिला.

"होईल. आधी पेज माझ्या नंबरवर कर."

त्याने केलं. दुकानातल्या फोनवरून, तिच्यासमोर उभं राहून केलं. तिने सगळं तपासलं आणि मग काच बदलायला घेतली. काच बसली. आता टच बघायचा. तिने बोट टेकवलं आणि सावकाश काढत गेली. या कोपऱ्यात एक चप्पल, त्या कोपऱ्यात सुतळीची शेपटी, मधोमध ओघळलेले पट्टे. सोंग अख्खं उमटलं.

"टच ठीक आहे," ती म्हणाली.

"आता हे बंद करशील ना?" उमेशचा आवाज पार बसला होता. "सुट्टी लागेपर्यंत पोरगी रोज शाळेतून रडत यायची माझी."

नवशीने त्याच्याकडे पाहिलं. पोरीचं ऐकून तिला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण हाल्याकाकांचा तो खुशीतला चेहराही तिला आठवला. उमेशने हात पुढे केला, तेव्हा तिने फोन आपल्याकडेच धरून ठेवला.

"येशी का आमचे शिवारात?"

बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. उमेशने मान खाली घातली.

"नाय," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"नाय. नाय."

तिने फोन त्याच्या हातात ठेवला आणि पुढच्या माणसाला विचारलं, काय झालंय फोनला.