उंबूंच्या घोड्याची खुराकी

उंबू मांजुक अंथरुणाला खिळले आणि रेतांगने त्यांच्या तांबड्या घोड्याला उपाशी ठेवायला सुरुवात केली.

रेतांगची आई उंबूंच्या घरची गुलाम, म्हणून तोही गुलाम. लग्न नाही, घर नाही, उभा जन्म घोड्यांच्या लिदीत गेला. हा तांबडा शिंगरू असताना त्याची आई मेली, तेव्हा रेतांगनेच त्याला बोटाने पेज चाटवून जगवलं होतं. मालक मेला की वरच्या जगात त्याला पायी जावं लागू नये, म्हणून त्याचा आवडता घोडा थडग्यापाशी कापतात, हे सुंबा बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बरगड्या निघालेलं जनावर मालकाबरोबर धाडलं तर घराण्याची नाचक्की. मग दुसरा घोडा निवडतील, असं रेतांगने ताडलं. त्या दुसऱ्याचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

तो घोड्याला कुरणाऐवजी कोरड्या ओढ्यात बांधायचा आणि त्याचा कोंडा डुकरांना घालायचा. घोडा भुकेने खिंकाळला की तोंड फिरवून रडायचा.

उंबू गेले. त्यांना कापडांत गुंडाळून, पाय दुमडून दफनाच्या दिवसापर्यंत घरातच बसवलं. मग त्यांची लेक रांबू यीवा घोडा बघायला आली.

"हा घोडा आहे का वाळत घातलेलं कातडं?"

"आजारी आहे, रांबू. दुसरा बघा. उंबूंना लाज आणील हा."

रांबूने घोड्याच्या हिरड्या पाहिल्या, काठीने लीद उकरली आणि मग माजलेल्या डुकरांकडे नजर टाकली.

"मला शिकवतोस होय रे? आजारी कुठला, उपाशी आहे हा!" ती चक्क हसली. "बाबांना कुठे घाई आहे? याच्या अंगावर मांस चढेपर्यंत बसतील निवांत. आणि ते मांस तूच चढवायचंस. आधी नुसतं गवत. रिकाम्या पोटी मका कोंबलास आणि पोट फुगून मेला, तर तुला डुकरांत झोपवीन."

मेलेला माणूस हवी तितकी वाट बघू शकतो, हे रेतांग मायेपोटी विसरला होता.

घोडा दुसऱ्या कुणाच्या हातचं खाईना, त्यामुळे सुटका नव्हती. रेतांगने कोवळं गवत घातलं, मग भिजवलेला कोंडा आणि मीठ, शेवटी मूठमूठ मका. घोड्याने त्याला कधीच माफ करून टाकलं होतं. रांबू रोज येऊन बरगड्या चाचपायची. "अजून लागतात," म्हणून निघून जायची. ज्या दिवशी लागल्या नाहीत, त्या दिवशी तिने सोयऱ्यांना निरोप धाडले.

दफनाला घोडा असा तुकतुकीत आला की पाहुण्यांची नजर ठरेना. उपाशी असता तर पहिल्याच घावात कोसळला असता बिचारा. हा चांगला पोसलेला होता. कोयता मानेत तिसऱ्यांदा बसला तरी उभा राहिला, दोर हिसडून रेतांगपाशी आला आणि रक्त गळत असताना त्याची मूठ हुंगू लागला.

"बघा," रांबू पाहुण्यांना कौतुकाने म्हणाली, "किती जीव आहे अजून!"